दीर्घ श्वास घ्या? थांबा, आधी सोडा

(हा भाग ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी हे शब्दांकन. बोलण्यातले 'अं' आणि 'म्हणजे' जमतील तेवढे काढले आहेत. सगळे निघाले नाहीत, सांभाळून घ्या.)



झोपेवरचा भाग केला होता ना, त्यानंतर तुमच्या खूप व्हॉइस नोट्स आल्या. त्यात एक तक्रार फिरून फिरून होती. शब्द वेगळे, पण मुद्दा एकच. "टेन्शन आलं की सगळे सांगतात दीर्घ श्वास घे. मी घेते. काही होत नाही. उलट गरगरायला लागतं." एका काकांनी तर सरळ विचारलंय, "हे श्वासाचं प्रकरण खरं आहे की नुसतं व्हॉट्सॲपवरचं?"

खरं आहे. पण आपल्याला ते अर्धवट सांगितलं जातं, आणि त्या अर्ध्या भागामुळे माणूस कधी कधी जास्त घाबरतो. हे मी अनुभवावरून बोलतेय. मी डॉक्टर नाही, योगशिक्षिका नाही. माझ्यावर वेळ आली म्हणून मी या विषयाच्या मागे लागले.

तर झालं असं. दादरहून ठाण्याला जाणारी संध्याकाळची फास्ट लोकल. लेडीज डबा, नेहमीची गर्दी, मी दाराच्या आतल्या बाजूला उभी. कुर्ला गेलं आणि घाटकोपरच्या अलीकडे गाडी थांबली. गाडी थांबण्यात नवीन काही नाही. पण त्या दिवशी ऑफिसात एक फार वाईट मीटिंग झाली होती, आदल्या रात्री झोप नव्हती, दुपारचं जेवण राहिलेलं. अचानक छातीत धडधडायला लागलं. मग वाटलं हवा पुरत नाहीये. माझा चेहरा बघून शेजारच्या मावशी म्हणाल्या, "अगं पोरी, मोठा श्वास घे, मोठा घे." मी घेतला. मग अजून एक. मग धडाधड घेतच गेले. दोन मिनिटांत ओठांभोवती मुंग्या आल्या, हाताची बोटं आत वळायला लागली, सरळच होईनात. मला वाटलं, संपलं. हा हार्ट अटॅक.

घाटकोपरला दोघी जणींनी मला धरून उतरवलं आणि जवळच्या एका दवाखान्यात नेलं. त्यांची नावंही मला माहीत नाहीत. तिथे ईसीजी काढला. नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका," आणि पुढच्या पेशंटकडे गेले. (टेन्शन घेऊ नका! म्हणजे मी ते दुकानातून आणलं होतं जणू.) पण तिथे एक वयस्कर सिस्टर होत्या. त्या खुर्ची ओढून समोर बसल्या, माझी वळलेली बोटं हातात घेतली आणि म्हणाल्या, "घेऊ नकोस गं श्वास. आधी सोड. फुंकर घालतो ना चहावर, तशी सोड हळूहळू. घ्यायचं काम शरीर आपोआप करतं."

आजचा सगळा भाग त्यांच्या त्या वाक्यावर उभा आहे.

आता त्या बोटांचं काय झालं होतं ते बघू. आपल्याला वाटतं की घाबरलेल्या माणसाला ऑक्सिजन कमी पडतो, म्हणून जास्त हवा घ्यायची. पण निरोगी माणूस साधं बसलेला असताना त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन आधीच साधारण ९५ ते ९९ टक्के ऑक्सिजनने भरलेलं असतं. कोविडच्या काळात घरोघरी ते बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं होतं, त्यावर हाच आकडा दिसायचा. भरलेल्या हंड्यात आणखी किती ओतणार? जोरजोरात श्वास घेतल्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही. एक गोष्ट मात्र झपाट्याने कमी होते, ती म्हणजे कार्बन डायऑक्साइड.

शाळेत आपण शिकलो की कार्बन डायऑक्साइड म्हणजे टाकाऊ वायू. पूर्ण खरं नाही ते. रक्तात तो ठरावीक प्रमाणात लागतोच. तो खूप कमी झाला की रक्त थोडं जास्त अल्कधर्मी होतं, त्यामुळे रक्तातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं, आणि मुंग्या येणं, बोटं वळणं सुरू होतं. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून गरगरतं. शिवाय १९०४ साली ख्रिश्चन बोर या डॅनिश शास्त्रज्ञाने दाखवलं की कार्बन डायऑक्साइड कमी असेल तर हिमोग्लोबिन ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवतं, पेशींना सहज देत नाही. हे बोर म्हणजे अणूवाल्या नील्स बोरचे वडील. म्हणजे गंमत बघा, हवा भरपूर घेतोय आणि तरी हवा पुरत नाही असं वाटतंय. मग आपण काय करतो? अजून जोरात घेतो. झालं, चक्र सुरू.

म्हणून पहिली गोष्ट: घाबरलेल्या माणसाला "मोठा श्वास घे" म्हणू नका. "हळू सोड" म्हणा. आणि सिनेमात दाखवतात तशी कागदी पिशवी तोंडाला लावून देऊ नका. समोरच्याला खरंच दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर पिशवीने जीवावर बेतू शकतं.

आता मुळात हे शरीर एवढं घाबरतं का, त्याकडे येऊ. आपली मज्जासंस्था, म्हणजे नर्व्हस सिस्टिम, तिचा एक भाग आपल्याला न विचारता चालतो. हृदयाचे ठोके, पचन, घाम, रक्तदाब, सगळं त्याच्याकडे. त्यात दोन बाजू. एक सिम्पथेटिक, मराठीत अनुकंपी. दुसरी पॅरासिम्पथेटिक, परानुकंपी. पहिली संकटाच्या वेळी शरीराला पळायला किंवा लढायला तयार करते. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१५ सालच्या पुस्तकात हे सविस्तर मांडलं. दुसरी शरीराला विसावा देते, पचन चालू ठेवते, झीज भरून काढते.

मला यात सगळ्यात जास्त आवडलं ते हे की आपल्या भाषेला हे आधीपासून माहीत आहे. भीती वाटली की आपण म्हणतो "घशाला कोरड पडली". खरंच पडते, कारण लाळ कमी होते. "पोटात गोळा आला" म्हणतो, कारण रक्त पचनाकडून स्नायूंकडे वळवलं जातं. "हातपाय गार पडले", "छातीत धस्स झालं", "दरदरून घाम फुटला". ही सगळी पहिल्या बाजूची लक्षणं आहेत, पुस्तकात आहेत तशी. आणि संकट टळलं की आपण काय म्हणतो? "हुश्श". आत्ता म्हणून बघा. हुश्श म्हणताना तुम्ही श्वास आत घेऊच शकत नाही. तो लांब सोडलेला श्वास आहे.

अडचण अशी की ही यंत्रणा वाघ समोर आल्यावर पाच-दहा मिनिटं चालावी म्हणून बनलेली आहे. आपल्याकडे वाघ येत नाही, बॉसचा मेसेज येतो. तो रात्री साडेदहाला येतो. मग ईएमआयची तारीख येते, मग बारावीचा निकाल. पळायचं कुठे आणि लढायचं कोणाशी? शरीर मात्र तयारीतच राहतं.

या यंत्रणेतल्या बहुतेक गोष्टींवर आपला हुकूम चालत नाही. मी हृदयाला सांगितलं की जरा हळू, तर ते ऐकणार नाही. पण श्वास हा एक विचित्र अपवाद आहे. तो आपोआप चालतो, झोपेतही. आणि मनात आणलं तर आपण तो हाताळूही शकतो. दोन खोल्यांच्या मधलं एक दार म्हणा हवं तर, दोन्हीकडून उघडणारं.

त्या दारातून काय जातं? मेंदूच्या बुडापासून निघून मानेतून, छातीतून, थेट पोटापर्यंत जाणारी एक नस आहे. व्हेगस नर्व्ह. व्हेगस म्हणजे लॅटिनमध्ये भटकणारा, आणि खरोखरच ती अंगभर भटकते. विसाव्याच्या बाजूचं बरंचसं काम हीच करते. ती हृदयाला ब्रेक लावते. हे कसं कळलं त्याची गोष्ट मजेदार आहे, दोन वाक्यांत सांगते. ऑस्ट्रियात ओटो लोवी म्हणून शास्त्रज्ञ होते, त्यांना १९२१ च्या सुमारास एका प्रयोगाचं स्वप्न पडलं, त्यांनी झोपेतच कागदावर खरडलं आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पडलं, तेव्हा ते उठून सरळ प्रयोगशाळेत गेले. बेडकाच्या हृदयाची व्हेगस नस चेतवली, ते हृदय मंदावलं, आणि त्याच्याभोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयावर घातलं तर तेही मंदावलं. म्हणजे ती नस एक रसायन सोडते. १९३६ साली त्यांना नोबेल मिळालं.

बेडूक राहू द्या. तुमच्या स्वतःच्या मनगटावर हे आत्ता बघता येतं. गाडी चालवत असाल तर नको, घरी गेल्यावर करा. डाव्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला उजव्या हाताची दोन बोटं ठेवून नाडी शोधा. सापडली? आता सावकाश श्वास आत घ्या आणि ठोके कसे पडतायत बघा. मग आणखी सावकाश सोडा. घेताना नाडी किंचित वेगाने चालते आणि सोडताना रेंगाळते. तरुण माणसांत हे जास्त स्पष्ट कळतं, वयाबरोबर कमी होतं, तेव्हा आजोबांना नाही कळलं तर काळजी नको. श्वास घेताना व्हेगसचा ब्रेक थोडा सुटतो, सोडताना पुन्हा लागतो. कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाने हे १८४७ साली नोंदवलं होतं.

मला हे पहिल्यांदा बोटाखाली जाणवलं तेव्हा मी खरंच गप्प झाले. म्हणजे त्या सिस्टर जे सांगत होत्या ते धीर द्यायला नव्हतं. प्रत्येक सोडलेला श्वास हा हृदयाला लावलेला छोटा ब्रेक आहे. सोडणं जेवढं लांब, तेवढा वेळ ब्रेकवर पाय.

बरं, किती लांब? निरोगी मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. अभ्यासांमध्ये वारंवार एक आकडा येतो, मिनिटाला सहाच्या आसपास. म्हणजे एक श्वास आणि एक उच्छ्वास मिळून १० सेकंद. हाच आकडा का? आपल्या मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांत रक्तदाब मोजणारे सेन्सर असतात. दाब वाढला की ते मेंदूला कळवतात, मेंदू हृदय मंद करतो, दाब उतरतो, मग पुन्हा. या वर-खाली होण्याची स्वतःची लय साधारण १० सेकंदांची असते. श्वासही त्याच लयीत आला की दोघं एकमेकांना जोर देतात. झोपाळ्याला योग्य वेळी ढकललं की तो कसा मोठा मोठा जातो, तसं.

२००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या संशोधकांचा एक अभ्यास आला. त्यांनी २३ निरोगी लोकांना लॅटिनमधली आवे मारिया ही प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम' हा मंत्र म्हणायला लावला. दोन्ही म्हणताना श्वास आपसूक मिनिटाला सहाच्या जवळ आला, आणि ती रक्तदाबाची यंत्रणा जास्त सावध, जास्त तरतरीत झाली. वसईत, गोव्यात ज्या घरांत संध्याकाळी रोझरी म्हणतात त्यांना हे वाचून बरं वाटेल. आमच्या घरी रामरक्षा होती. रामरक्षेवर असा प्रयोग झालाय असं मी म्हणत नाहीये हं, माझा आपला अंदाज, की काहीही सावकाश, एका दमात ओळ पूर्ण करत म्हटलं की सोडणं लांबणारच. गाणं शिकणाऱ्यांना हे सांगायला नको.

आणि हे सगळं परदेशी प्रयोगशाळांतच झालं असं समजू नका. आपल्या लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी 'योग मीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. त्यांचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. नौली, उड्डियान करताना शरीरात काय होतं हे त्यांनी एक्स-रे लावून बघितलं, प्राणायाम करताना किती ऑक्सिजन घेतला जातो आणि किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो तेही मोजलं. शंभर वर्षांपूर्वी! प्राणायामाबद्दल "आमचे पूर्वज थोर" एवढंच म्हणून थांबणारे बरेच असतात. मला हा मोजून बघणारा माणूस जास्त जवळचा वाटतो. योगाच्या भाषेत श्वास घेणं म्हणजे पूरक, धरणं म्हणजे कुंभक आणि सोडणं म्हणजे रेचक. रेचक पूरकापेक्षा लांब ठेवा हे जुने शिक्षक सांगत आलेच आहेत.

आता सुस्काऱ्याबद्दल. माझी आजी कोणी सुस्कारा टाकला की रागवायची. "काय गं, घर बुडालं का?" आजीला कोणी सांगितलं नव्हतं की आपण सगळेच नकळत दर पाचेक मिनिटांनी एक छोटा सुस्कारा टाकतो. फुप्फुसात कोट्यवधी बारीक हवेचे फुगे असतात, त्यातले काही मिटत जातात. सुस्कारा म्हणजे श्वासावर श्वास, दुप्पट हवा, आणि ते मिटलेले फुगे पुन्हा उघडतात. तो टाकला नाही तर फुप्फुसं हळूहळू काम करेनाशी होतील.

२०२३ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लोकांचे गट करून त्यांना महिनाभर रोज पाच मिनिटं वेगवेगळे प्रकार करायला लावले. एका गटाला मुद्दाम सुस्कारे टाकायचे होते: नाकाने श्वास, त्यावर लगेच अजून एक छोटा श्वास, मग तोंडाने लांब सोडणं. एका गटाला चौकोनी श्वसन, म्हणजे घेणं, धरणं, सोडणं, धरणं, सगळं सारखं. एका गटाला जोरजोरात घेण्याचा प्रकार, आणि एक गट नुसता ध्यान करणारा. अस्वस्थता सगळ्यांचीच कमी झाली. पण मन प्रसन्न होण्यात सुस्कारेवाले पुढे गेले. हा एक अभ्यास आहे, शेवटचा शब्द नव्हे. तरी आजीला सांगायला आवडलं असतं मला.

मेंदूत श्वासाची लय तयार करणारी एक छोटी जागा आहे. तिचं नाव प्रीबॉटझिंगर कॉम्प्लेक्स, आणि हे नाव शास्त्रज्ञांनी एका परिषदेत जेवणाच्या टेबलावरच्या जर्मन वाईनच्या बाटलीवरून घेतलंय, खोटं नाही सांगत. २०१७ साली उंदरांमध्ये असं दिसलं की या जागेतल्या काही पेशी थेट मेंदूच्या जागं-सावध ठेवणाऱ्या केंद्राला श्वासाची खबर देतात. त्या पेशी काढून टाकल्यावर उंदीर कमालीचे शांत झाले. माणसात हे अगदी असंच असेल असं म्हणता येत नाही. पण धाप लागली की मेंदू घाबरतो आणि श्वास निवांत असला की मेंदूही सैलावतो, याला एक वाट सापडली.

हे झालं श्वास बदलण्याबद्दल. पण सजग श्वसन, ज्याला हल्ली माइंडफुल ब्रीदिंग म्हणतात, त्यात अजून एक गोष्ट आहे, आणि लोक दोन्हींची गल्लत करतात. इगतपुरीला धम्मगिरीमध्ये विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन आलेले श्रोते आपल्यात आहेत, त्यांना माहीत असेल. तिथे पहिले तीन दिवस आनापान असतं. त्यात श्वास लांबवायचा नाही, मोजायचा नाही, फक्त बघायचा. आला तर आला, गेला तर गेला. नाकपुडीशी गार लागतंय, बाहेर पडताना कोमट लागतंय. मन पळालं की परत आणायचं. अमेरिकेत जॉन कबॅट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये दुखण्याने त्रासलेल्या रुग्णांसाठी एक कार्यक्रम सुरू केला, त्यातही श्वासाकडे असंच बघणं आहे.

मग बदलायचा की बघायचा? मी काय करते ते सांगते. शरीर पेटलेलं असेल तेव्हा आधी बदलते. लांब सोडते, दोन-चार मिनिटं. जरा खाली आलं की सोडून देते आणि नुसतं बघते. धडधडत असताना "फक्त बघ" म्हणणं मला जमत नाही, आणि जमायला हवं असंही नाही.

रोजचा सराव माझा असा. सकाळी चहाच्या आधी, खुर्चीत. पाठ टेकलेली चालते. एक हात पोटावर. नाकाने चार आकडे मोजेपर्यंत श्वास घ्यायचा, पोट हाताखाली वर येतंय का बघायचं, खांदे उचलायचे नाहीत. सहा आकडे मोजेपर्यंत सोडायचा. चार आणि सहा, दहा. भरून घ्यायचा नाही, पोटभर जेवल्यासारखा नको, नेहमीएवढाच घ्या, फक्त हळू. ही चूक सगळे करतात, मीही केली: हळू म्हणजे खूप असं वाटतं. हळू म्हणजे हळू. सहा जमत नसेल तर तीन-पाच करा, आकड्यांना देव मानू नका. पाच मिनिटं. मध्ये तीस वेळा डोक्यात भाजी येईल, ऑफिस येईल, "हे काय करतेय मी" येईल. येऊ दे. लक्षात आलं की पुढच्या उच्छ्वासावर परत यायचं, स्वतःला न ओरडता.

रोज का करायचं? कारण तहान लागल्यावर विहीर खणून चालत नाही. गाडीत जीव घाबरा झालेला असताना तुम्ही पहिल्यांदा हे करायला गेलात तर होणार नाही.

आता तुमचे प्रश्न. पुण्याच्या एका ताईंनी विचारलंय, "मुलगा बारावीला आहे, पेपर हातात आला की त्याचं डोकं रिकामं होतं. कपालभाती करू दे का हॉलमध्ये?" ताई, नको. कपालभाती म्हणजे भराभर झटके, ती अंगाला जाग आणते, आणि आधीच घाबरलेल्या पोराला भराभर श्वास नकोच. त्याला सांगा, पेपर उलटा ठेव, पाय जमिनीला टेकव, तीन वेळा चहावर फुंकर घालतो तशी सोड, मग पेपर उघड. पण हे परीक्षेच्या एक महिना आधीपासून घरी सराव पेपर सोडवताना करून बघू दे. आणि अहो, तुम्ही त्याच्या मागे उभं राहून "श्वास सोडलास का" विचारू नका.

दुसऱ्या एका श्रोत्याने लिहिलंय की श्वासाकडे लक्ष दिलं की त्यांना जास्त घाबरायला होतं, वाटतं आता बंद पडेल. असं होतं बऱ्याच जणांना, तुमच्यात काही खोट नाही. तुम्ही श्वास सोडून द्या. डोळे उघडे ठेवा, तळव्यांना जमीन कशी लागतेय तिकडे लक्ष द्या, किंवा पंख्याचा आवाज ऐका. किंवा गुणगुणा. गुणगुणताना श्वास आपोआप लांब सुटतो आणि त्याच्याकडे बघावं लागत नाही. भ्रामरी त्याच वाटेची. नाकातल्या पोकळ्यांतला नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू गुणगुणताना साध्या श्वासापेक्षा कितीतरी पट जास्त बाहेर येतो, हे २००२ साली स्वीडनमध्ये मोजलं गेलं. त्याचा मनावर काय परिणाम होतो हा वेगळा विषय, पण ऐकायला मला गंमत वाटली.

काळजीच्या गोष्टी पटकन सांगते. छातीत दाबल्यासारखं दुखतंय, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जातंय, घाम सुटलाय, तर श्वास मोजत बसू नका, दवाखाना गाठा. ईसीजी नॉर्मल आला तर चांगलंच. माझाही आधी काढला, आणि तो काढला हेच बरोबर होतं. गरोदर असाल, रक्तदाब जास्त असेल, हृदयाचा त्रास असेल तर श्वास रोखून धरायचे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. दम्याचा पंप बंद करून प्राणायाम, असले सल्ले देणाऱ्यांपासून लांब राहा. आणि आठवडे झाले तरी झोप नाही, कामात लक्ष नाही, जगण्यात राम वाटत नाही असं असेल तर १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

मी स्वतः समुपदेशकाकडे गेले होते. ते लपवणार नाही. त्या लोकलनंतर तीन आठवडे मी गाडीत चढले नाही. बस आणि रिक्षा, दोन-दोन तास, पगाराला भोक. भीती गाडीची नव्हती, पुन्हा तसं होईल याची होती. श्वासाने ती एकट्याने गेली नसती. समुपदेशक ताईंनी मला पायऱ्या करून दिल्या. आधी नुसतं प्लॅटफॉर्मवर बसून यायचं. मग दुपारच्या रिकाम्या स्लो गाडीने दादर ते माटुंगा, एकच स्टेशन. मग शीव. मग कुर्ला. प्रत्येक दोन स्टेशनांच्या मध्ये मी चार-सहा, चार-सहा करत बसायचे. विद्याविहारला एकदा पुन्हा तसंच झालं. फुंकर घालत राहिले, तरी दहा मिनिटं धडधड चाललीच. ती थांबली नाही, पण या वेळी बोटं वळली नाहीत, आणि मी घाटकोपरला उतरले नाही.

आता रोज जाते. ऑफिस तेच आहे, तो बॉसही तोच आहे, साडेदहाला मेसेज टाकतो. त्याच्यावर वेगळा भाग करावा लागेल.

मध्यंतरी त्या दवाखान्यात पेढे घेऊन गेले होते. सिस्टर रिटायर होऊन गावी गेल्या म्हणाले. पेढे तिथल्या दुसऱ्या मुलींना दिले.

तुमच्या व्हॉइस नोट्स पाठवत राहा, एक मिनिटापेक्षा लहान असल्या तर बरं. नाडीचा प्रयोग करून काय जाणवलं ते नक्की कळवा, वयासकट. भेटू पुढच्या गुरुवारी.